तीन किलोमीटर आत

२८ मे १९४४

आमच्या फ्रेंच किनाऱ्यावरच्या जर्मन तोफांवर दोस्तांच्या विमानांनी काल पुन्हा बॉम्बवर्षाव केला. सगळे बॉम्ब बीटच्या शेतात! गवंडी फिर्मिन कुंपणावरून हसत होता— "मास्तर, दोन मीटर जाडीचं काँक्रीट आहे ते. बंदुकीच्या धाकानं का होईना, माझ्याच हातांनी ओतलंय. त्याच्यावर बॉम्ब म्हणजे बैलाच्या पाठीवर गारा!" सरावाने नेम सुधारतो, असे मी म्हणालो. "तुमच्या वर्गात मी सहा वर्षं सराव केला. सुधारलो?"

उद्धट, पण वाक्यरचना निर्दोष.

३० मे

ओदीलला माझ्या बहिणीच्या, लेओनीच्या, मळ्यावर पाठवले. तिचा नवरा, माझा मुलगा, जर्मनीत युद्धकैदी. सून सात महिन्यांची गरोदर आणि माझ्या भरवशावर. आमच्या दारापासून तोफांपर्यंत चारशे दहा पावले आहेत. मी स्वतः मोजली आहेत. मळा तीन किलोमीटर आत आहे.

ती जायला तयार नव्हती. "बाबा, इथे निदान दगडी तळघर आहे. आत्याबाईंकडे सगळ्या मातीच्या भिंती!"

"जिथे तोफा, तिथेच बॉम्ब. यात वाद घालण्यासारखे काही नाही."

२ जून

घर फार नीटनेटके राहते. आवडत नाही.

६ जून

सकाळी ढग इतके खाली उतरले होते की चर्चचा कळस दिसेना. विमानांची घरघर डोक्यावर आली— आणि पुढे निघून गेली! स्फोट झाले ते आमच्या पाठीमागे, आतल्या बाजूला. घराची एक काचही तडकली नाही. तोफा अजून धडधडत आहेत. समुद्र नौकांनी भरला आहे. मळ्याचा रस्ता बंद.

८ जून

गावात अमेरिकन आले. मोडकी फ्रेंच बोलणाऱ्या एका अधिकाऱ्याला विचारले, बॉम्ब तोफांवर का पडले नाहीत?

"ढगांमुळे काही दिसत नव्हतं, आजोबा. खाली आमच्याच नौका. त्यांच्यावर पडू नयेत म्हणून काही सेकंद थांबून सोडायचा हुकूम होता."

"काही सेकंद म्हणजे किती अंतर?"

"दोन किलोमीटर. तीनही असेल."

त्याच्या फ्रेंचमधल्या चुका दुरुस्त करण्याचे मला सुचले नाही.

९ जून

लेओनी आली. हात गळ्यातल्या झोळीत. ओदील भिंतीखाली सापडून गेली.

"पाच तारखेला बोचकं बांधून दारात उभी होती रे दादा. घरी जाते म्हणाली. मीच अडवलं— सासरा रागावेल, म्हटलं."