उजवा कौल

नार्वे, ६ जानेवारी

चि. श्रीनाथास अनेक आशीर्वाद,

तू कामाला गेलेल्या सेलांद्या देशात लष्करानं निवडून आलेलं सरकार उलथवल्याचं टीव्हीवर पाहिल्यापासून आई जेवताना ताटाकडे कमी, फोनकडे जास्त बघते. तुमच्याकडे फोन, इंटरनेट सगळं बंद, म्हणून तुमच्या बंदराला येणाऱ्या मालबोटीवर खलाशी असलेल्या आपल्या शेजारच्या सिद्धेशच्या हाती हे पत्र.

एक आनंदाची बातमी. सुर्ल्याच्या खाणीवरचं काम गेल्यापासून घरी बसलेल्या तुझ्या भावोजींना तुझ्याच बंदरावर क्रेन चालवायचं काम मिळालंय! वास्कोचा एक एजंट गोव्यातून आठ-दहा जण नेतोय. देवळात कौल लावला, मूर्तीला लावलेल्या पाकळ्यांतली उजवीकडची पडली, म्हणजे देवाचा होकार. आता तुझे भावोजी महादेवराव तुझ्यासाठी न्यायला अंगणात सुंगटं, म्हणजे कोळंबी, वाळत घालून कावळे हाकायला मला बसवतात. ते तुझ्याजवळ असले की मला झोप लागेल.

तुझी भांडखोर बाय,
भाग्यलक्ष्मी

तिवारा बंदर, १७ जानेवारी

ती. बायस सा. न.

सुंगटं पाठव, भावोजींना पाठवू नको.

आम्ही क्रेनवाल्यांनी ठरवलंय, तांदूळ आणि औषधं उतरवायची, लष्कराचे रणगाडे नाही. जहाजं तशीच उभी आहेत, म्हणून बाहेरून माणसं आणतायत. भावोजींना मिळालेली खुर्ची माझीच आहे. बंदराच्या साहेबांनी माझा पासपोर्ट काढून घेतलाय. क्रेनवर चढलास तर देऊ, म्हणतात. माझी घरमालकीण निवडून आलेल्या अध्यक्षांचा फोटो घेऊन रोज चौकात उभी राहते. मी उतरवलेला रणगाडा त्याच चौकातून जाणार. माझ्या हातून ते व्हायचं नाही.

आईला पासपोर्टचं सांगू नको. भावोजींना सगळं वाचून दाखव.

माया आहे ती राहू दे,
श्रीनाथ

नार्वे, ३० जानेवारी

चि. श्रीनाथास आशीर्वाद,

आधी मी तुझ्यावरच चिडले. देवानं उजवा दिलेला, घरात पगार नाही, आणि त्यांचं राजकारण त्यांना बघू दे, असंही मी म्हणाले. महादेवरावांनी पत्र माझ्या हातून घेऊन पुन्हा वाचलं. मग म्हणाले, आपण देवाला परदेशी जाऊ का एवढंच विचारलं, कसल्या कामाला ते सांगितलंच नाही.

पुन्हा देवळात गेलो. भटजींनी पाकळ्या लावल्या, आता नीट सांगा म्हणाले. हे हात जोडून उभे राहिले आणि एकदम म्हणाले, भटजी, काढा त्या पाकळ्या. उजवी पडली तरी मी जायचा नाही, मग देवाला कशाला अडचणीत घालू! भटजींना हसावं की रागवावं कळेना.

दुसऱ्या दिवशी वास्कोला गेलो, आईसुद्धा हट्टानं आली. एजंटच्या दारात बाकीचे बॅगा घेऊन बसलेले. मी तुझं पत्र मोठ्यानं वाचलं. एजंट ओढून घ्यायला आला तेव्हा आणखी मोठ्यानं. पेडण्याचा सागर पहिला उठला, मग एकेक करून इतर. दोघे मात्र बसून राहिले. त्यातल्या एकाची बायको बाळंतपणाला टेकलीय, त्याला मी काय बोलू? हे रोज त्या दोघांच्या घरी समजवायला जाऊन बसतात.

वाचण्याच्या भरात मी पासपोर्टचंही वाचून गेले. आई परतीच्या बसमध्ये खिडकीकडे तोंड करून रडली. मग पदरानं डोळे पुसून मला म्हणाली, त्याला लिही, घरी यायला उशीर झाला तरी चालेल, पण त्या क्रेनवर चढू नको.

तुझी बाय