बिब्ब्याचा डाग

६ नोव्हेंबर १९८३, एटापल्ली
आले एकदाची. नागपूरच्या मुलींच्या शाळेत चौतीस वर्षं शिवण शिकवून निवृत्त झाले, आता इथल्या वसतिगृहाची अधीक्षिका. दोन स्वच्छ खोल्या, मागे साग, दारात ऊन. घर झकास आहे. स्वयंपाकाला बुधरी, पन्नाशीची माडिया आदिवासी बाई, कायम अनवाणी. माझे बूटमोजे पाहून तिने विचारलं, "बाई, तुमचे पाय कवा मोकळे रायतेत?" मी सांगितलं, कॉन्व्हेंटमध्ये सहाव्या वर्षी चढले ते फक्त झोपताना आणि आंघोळीला उतरतात. सिस्टर आमची नखं, कान, मान तपासायच्या. तळवे कधी कुणी पाहिले नाहीत, मीही नाही. ती खो खो हसली.

२० नोव्हेंबर
न्हाणीघरातून येताना काटा रुतला. माझे गुडघे वाकत नाहीत. बुधरीने पाय मांडीवर घेऊन काटा काढला आणि मी नको म्हणेपर्यंत गरम बिब्बा टेकवलासुद्धा. काट्यावर इथे हेच औषध, या फळाचं तेल कातडी जाळून काळी करतं. मग विचारते, "टाचेले काळं काऊन आहे, बाई?" मी म्हटलं, तुझाच प्रताप.

४ डिसेंबर
हातआरसा धरून टाच पाहिली. शर्टाच्या बटणाएवढा डाग, काळा कुळकुळीत. बिब्बा ओघळला असणार. बुधरी मात्र हटून बसली, "म्या अंगठ्याखाली लावला. टाचेचं पयलेच होतं." खोटारडी! आजच तिला कामावरून काढून टाकलं. जाताना म्हणाली, डॉक्टरले दाखवा. मला शिकवते!

३ जानेवारी १९८४
इथल्या डॉक्टरांनी टेबलापलीकडूनच पाहिलं. बिब्ब्याने भाजलंय, मलम लावा. कर्करोग नाही ना, मी स्पष्ट विचारलं. साहेब हसले. कातडीचा कर्करोग गोऱ्यांना होतो, उन्हात लोळणाऱ्यांना. तुमच्या तळव्याने पन्नास वर्षांत ऊन पाहिलंय का, मॅडम? मला पटलं. लिहायला लाज वाटते, पण मी खूश होऊन घरी आले.

५ फेब्रुवारी
डाग आता कोटाच्या बटणाएवढा. एक कड पसरलीय, टिपकागदावर शाई पसरावी तशी. दुखत नाही. का दुखत नाही?
आज आरसा पुढे सरकवला. अंगठ्याखाली फिकट तपकिरी खूण दिसली, जवळजवळ गेलेली. तिथेच काटा रुतला होता. बिब्बा तो. मग टाचेचं हे —

८ फेब्रुवारी
निरोप धाडला, बुधरी आली. पाय मांडीवर घेतला. "वाढून राह्यलं, बाई. नागपूरले जा." मला माफी मागायची होती. मी तिला चहा विचारला.

२७ फेब्रुवारी
मोजा ओला. काळपट पाणी. डॉक्टरांनी दुसरं मलम दिलं. दुसरं मलम!

१२ मार्च, नागपूर
सर्जननी आरसा, भिंग काही घेतलं नाही, बघताक्षणी ओळखलं. म्हणे, हा कर्करोगच, पण उन्हाचा नव्हे. तळवे, तळहात, नखांखाली — ऊन लागत नाही तिथे. आपल्याकडे तर बहुधा तिथेच. मग तो एटापल्लीचा काय शिकला? आणि मी? मला जे हवं होतं तेच —
गुरुवारी पाय कापणार. गुडघ्याखाली. कापा. जगायचंय मला.

१४ मार्च
जांघेत गाठ. तीन डॉक्टरांनी चाचपली. एकमेकांशी हळू बोलले. मला ऐकू येतं म्हटलं, तरी —

१५ मार्च
कापणार नाहीत! आया सांगून गेली, "पाय वाचला तुमचा, बाई." रडले. हसले. नाश्ता मागितला.
सर्जन आले. म्हटलं, मग घरी कधी? माझी चादर सारखी करत राहिले. विचारलं, बरी होणार ना मी? म्हणाले, आता पाय कापून काही —