भगवानरावांची पट्टी

बुलडाणा,
७ जुलै २०२४

ती. महामायाआत्यास,
सप्रेम जयभीम, वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मोबाईलवर आलेलं वाचायला तू तयार नाहीस, म्हणून हे पत्र. बाबांच्या हाती निरोप पाठवला असता, पण ते अर्धं सांगतात आणि अर्धं स्वतःच्या पदरचं घालतात.

मला काम मिळालं. इथल्या भगवानरावांच्या गायकवृंदात पेटीच्या साथीला घेतलं आहे. गाणारे सगळे हौशी, बायका जास्त, कोणी नर्स, कोणी मास्तर, कोणी किराणा दुकान चालवणाऱ्या. दर रविवारी एका शाळेच्या हॉलमध्ये तालीम असते. मला घेण्याआधी भगवानराव स्वतः गायले आणि मध्येच मुद्दाम लय ओढली. मी सोडली नाही. तू शिकवलंस तेच कामी आलं. गाणाऱ्याच्या तोंडाकडे नाही, छातीकडे बघायचं, त्याने श्वास घेतला की आपण भाता भरायचा. लहानपणी चुकलं की तू बोटांवर चमचा मारायचीस, तो राग आता गेला असं समज.

एका शाळेत संगीत शिक्षिकेची जागा आहे, तिथे माझं नाव सुचवीन म्हणालेत. कोणाकडे शिकलीस असं विचारलं, तेव्हा मी गावाकडे, घरीच, एवढंच सांगितलं. तू पूर्वी याच वृंदात वाजवायचीस हे मला ठाऊक आहे, पण तू त्यांचं नाव कधी घेत नाहीस. तुझं नाव सांगू का?

माया आहे तेवढी राहू दे. वाढवलीस तरी माझी हरकत नाही.

तुझी,
अनुपमा


जानेफळ,
१५ जुलै २०२४

चि. अनुपमास,
महामायाआत्याचा जयभीम अन् आशीर्वाद.

तुझं पत्र तुझ्या बापानं, कडूबानं, आणून देलं. वाचलं, घडी केली, पुन्हा उघडून वाचलं. माझं नाव त्याले सांगू नको. काऊन नको, ते आज लिहिते. घरात हे कोणाले ठाऊक नाही. तुझ्या बापाले मी एवढंच सांगतलं होतं, की कान गेले म्हणून सोडलं.

मी अन् भगवान एकाच गुरुजीपाशी शिकलो. तो गाये, मी वाजवे. वृंद काढला तवा पेटी माझी होती, अन् तालमीनंतर भाकर बी माझ्याच हातची. मंग माझे कान उतराले लागले. बारीक सूर पह्यले गेले. मी दुसऱ्या कोणाले नाही, भगवानलेच सांगतलं. म्हटलं, छातीकडं पाह्यून मी अजून काही वर्षं काढून नेते, तू फक्त हातानं खूण करत जाय. तो हो म्हणे. भावानं ठेवावा तसा त्यानं पाठीवर हात ठेवला.

पुढच्या तालमीले त्यानं सगळ्यायले आधीच शिकवून ठेवलं होतं. गाणं सुरू झालं, अन् अर्ध्यात त्यानं साऱ्यायचा आवाज बंद केला. तोंडं हलून राह्यले होते, छात्या फुगून राह्यल्या होत्या, पण आवाज कोणाचाच नाही. मी वाजवून राह्यली होती. सारं कडवं वाजवलं, अनुपमा, मान डोलवत वाजवलं. मंग सिंधूताई नावाची एक बाई पदर तोंडाले लावून हसली, अन् मी पाह्यलं तं सगळेच हसत होते. भगवान पुढं आला, माझ्या पेटीचा भाता त्यानं आपल्या हातानं दाबून बंद केला. मोठ्यानं बोलला असन, कारण तेवढं मले ऐकू आलं. "पाहा, हिच्या भरवश्यावर आपण स्पर्धेले जाणार होतो."

पेटी तिथंच सोडून मी बस धरली. तू शिकलीस ती पेटी नंतरची. कान गेल्याचं दुःख मले नाही, ते कोणाचेही जातात. त्या कडव्याचं आहे.

तू तिथंच राह्य. इतकी चांगली वाजव की तुझ्याबिगर त्याले गाता येऊ नये. माणूस भरवसा ठेवते तवा काहीतरी आपल्या हातात देतेच. ते हातात आलं की मले लिही.

जेवत जाय. राग पोटात ठेवला तरी भाकरीले जागा राह्यते.

तुझी आत्या,
महामाया


बुलडाणा,
२२ सप्टेंबर २०२४

ती. आत्यास,
सप्रेम जयभीम, वि. वि.

उत्तराला उशीर झाला. तुझं पत्र वाचल्यावर मी तालमीला गेलेच नाही, तापाचं कारण सांगितलं. मग वाटलं, न जाऊन मी त्यांचंच सोपं करते आहे. गेले. सिंधूताई अजून आहे. म्हातारी झाली आहे, पण आवाज भरलेला आहे. मी आजारातून उठले म्हणून तिने मुरमुऱ्याचे लाडू करून आणले. मी हसून घेतले आणि बसस्टँडवरच्या कुत्र्यांना घातले.

भगवानराव मात्र आता माझ्याशिवाय गळा उघडत नाहीत. दुसरं कोणी पेटीवर बसलं की चिडतात. त्यांचं ते पहाटेचं गाणं तुला आठवत असेलच. सगळे मिळून गातात आणि शेवटच्या कडव्यात ते एकटे वर चढतात. त्या एका जागेवर आख्ख्या जिल्ह्यात त्यांचं नाव आहे.

गेल्या रविवारी तालीम संपल्यावर त्यांनी मला थांबवून घेतलं. दार लावलं आणि सांगितलं, की वरचा सूर आता लागत नाही, गळा मध्येच फाटतो. घरीसुद्धा कोणाला माहीत नाही. हे गाणं ते कायम काळी दोनच्या पट्टीत गात आले, यापुढे मी गुपचूप त्याच्या खालच्या पांढरी एकचा सूर द्यायचा. तेवढं खाली आणलं की त्यांचं निभावतं. बायकांचे आवाज त्यात दबतात, पण बायका काय, सांभाळून घेतील, असं म्हणाले. डिसेंबरात त्यांचा मोठा सत्कार आहे, तिथे शेवटी हेच गाणं व्हायचं आहे. निघताना माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, की तू मला लेकीसारखी, हे तुझ्यामाझ्यात राहू दे.

आत्या, हातात आलं आहे. काय करू?

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
अनुपमा


जानेफळ,
३० सप्टेंबर २०२४

चि. अनुपमास आशीर्वाद.

मले इचारतेस काऊन? सत्काराच्या दिवसापर्यंत त्याले त्याची पांढरी एक दे, मायेनं दे. त्या दिवशी काळी दोन दे. त्याच्यावर एक सूरही चढवू नको. त्याच्याच नावाच्या पट्टीत त्याले गाऊ दे, त्यात खोटं काय आहे?

पण शाळेची जागा जाईन, हे धरून चाल. अन् माझ्या सांगण्यावरून करू नको. तुले स्वतःले राग असन तरच कर. उसन्या रागानं माणूस ऐन वेळेले हात मागं घेते.

सोयाबीन सोंगाले आलं आहे. कडूबानं बकरी घेतली, ती दिवसभर वरडते म्हणे. मले काय त्याचं.

लोभ धरून राह्य.

महामायाआत्या


बुलडाणा,
१० डिसेंबर २०२४

ती. आत्यास,
सप्रेम जयभीम, वि. वि.

केलं.

रविवारी सत्कार झाला. हॉल भरला होता, लोक भिंतीला टेकून उभे होते. शाल झाली, श्रीफळ झालं, भाषणं झाली. भगवानराव शाल तशीच अंगावर ठेवून वृंदाच्या पुढे उभे राहिले. मी काळी दोनचा सूर धरला.

पहिल्या ओळीतच त्यांना कळलं. त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्या छातीकडे बघत होते. थांबवणार कसे? समोर सगळं गाव बसलेलं. एकेक कडवं पुढे सरकत होतं आणि त्यांची जागा जवळ येत होती, हे त्यांना ठाऊक आणि मला ठाऊक, बाकी कोणालाच नाही. शेवटच्या कडव्याआधी त्यांनी डाव्या हाताने खाली, खाली अशी खूण केली. मी ती पाहिली आणि भाता भरला.

ते चढले आणि फाटले. आवाज असा चिरकला की पुढच्या रांगेतलं एक पोर हसलं. त्यांनी दुसऱ्यांदा उचलून पाहिलं, तेव्हा आवाजच आला नाही, नुसता वारा. मी पेटी थांबवली नाही. मग मागून सिंधूताईने ती ओळ उचलली. तिच्यामागे सगळ्या बायका वर गेल्या. इतके दिवस त्यांना खाली दाबून ठेवलं होतं, या मूळच्या पट्टीत त्यांचा गळा मोकळा झाला. आत्या, ते गाणं मी इतकं सुंदर कधी ऐकलं नव्हतं. लोक उभे राहिले. टाळ्या वाजत होत्या आणि भगवानराव शालीचं टोक हातात धरून खाली बघत होते.

आत आल्यावर त्यांनी हळू विचारलं, मी तुझं काय वाईट केलं होतं. मी म्हटलं, "मी जानेफळच्या महामायाबाईंची भाची." ते खुर्चीवर बसले, ते मी निघेपर्यंत उठले नाहीत. काल त्यांचा निरोप आला, की तालमीला येऊ नये. शाळेचा विषय तर संपलाच. उलट सिंधूताई घरी आली होती. बायका वेगळ्या गाणार आहेत, त्यांना साथीला मीच हवी आहे. मी अजून हो म्हटलेलं नाही.

आनंद होईल वाटलं होतं, आणि झालाही, खोटं कशाला सांगू. फक्त ते पोर हसलं तेव्हा माझ्याकडून एक सूर चुकला. हे तुला सांगायलाच हवं असं नव्हतं.

तुझी,
अनुपमा


जानेफळ,
२ जानेवारी २०२५

चि. अनुपमास,
अनेक आशीर्वाद अन् जयभीम.

तुझं पत्र उशाशी आहे. त्याचा गळा फाटला तिथलं चार वेळा वाचलं. सिंधूनं ओळ उचलली, ते वाचून मात्र मले बरं वाटलं नाही. तरी तू त्या बायकायले हो म्हण. त्याहिले काळी दोन दे, त्याच्या वर जाऊ म्हणतील तं वर दे. सिंधूलेही सूर दे. तिचा हिसाब माझा मी पाहीन.

अन् आता ऐक. परवा भगवान आला होता. मेहकरच्या बसनं उतरून, इचारत इचारत. मी अंगणात तूर पाखडून राह्यली होती. कोणी आलं की माझ्यासाठी लिहाले म्हणून खाटेवर एक पाटी अन् खडू असते. तो फाटकातून आत येताना दिसला, तशी मी पाटी वाकळीखाली सरकवली.

तुझ्या मायनं चहा देला. तो बोलाले लागला. लय वेळ बोलला. माणसाच्या ओठावरून मले थोडं उमजते, म्हणून मी ओठाकडं पाह्यलंच नाही, सुपातल्या तुरीकडं पाह्यलं. मधात एकदा त्यानं डोळे पुसले. तुरीचा भुसा उडून राह्यला होता, त्याचं बी असन. त्यानं हातानं लिहायची खूण केली, इकडंतिकडं कागद शोधला. मी पाखडत राह्यली. शेवटी तो थांबला, अन् मी काही बोलन म्हणून वाट पाह्यत बसला. मी म्हटलं, "चहा थंडा हून राह्यला." मंग तो उठला. फाटकापाशी एकदा वळला होता.

कडूबा ओसरीवर होता. त्यानं सारं ऐकलं होतं. भगवान गेल्याबरोबर कडूबानं वाकळीखालून पाटी काढली अन् घाईघाईनं लिहाले लागला, तो काय काय बोलला ते. डोळ्यात पाणी होतं त्याच्या, माह्या भोळ्या भावाच्या. दोन ओळी झाल्या असतील, मी हातानं पुसून टाकल्या. वाचल्या नाही. त्यानं पुन्हा लिहिलं, मी पुन्हा पुसलं. मंग तो खडू ठेवून बकरीकडं गेला.

तू संक्रांतीले येशील तवा बापाले इचारू नको. अन् इचारलंसच, तं मले सांगू नको.

थंडी लय आहे, येताना शाल घेऊन येजो. माया पातळ होऊ देऊ नको.

तुझी,
महामायाआत्या