वशिंड नसलेला बैल

अक्कोळ, निपाणीजवळ
जानेवारी १९४६

प्रिय अंजनी,

हे पत्र मष्णूच्या हाती पाठवतो आहे. तो तंबाखूच्या कापणीला इकडे आला होता, उद्या सकाळी येळ्ळूरला परत निघालाय. पत्र तुझ्याच हातात द्यायचं, असं त्याला बजावून सांगितलंय. आधी तू एकटी वाच. मग आप्पांना वाचून दाखवायचं की नाही, ते तुझं तू ठरव.

मी लढाईवरून परत आलो त्या दिवशी आपला बाहेरचा सोपा माणसांनी भरून गेला होता. मी सगळ्यांना आगबोटीच्या, बर्फाच्या, इटलीतल्या संत्र्यांच्या गोष्टी सांगत बसलो. तू पाण्याचा तांब्या घेऊन आतल्या दाराशी उभी होतीस. माणसं पांगल्यावर तू हळूच विचारलंस, "अण्णा, रोममध्ये तुम्ही दोघं बरोबर होता न्हवं?" तेवढ्यात आप्पा आत आले, आणि तुझा प्रश्न तसाच राहिला. त्याचं उत्तर आज लिहितोय. जरा लांबेल, पण घाईनं वाचू नकोस.

तिकडं लढाईत भरमाच्या तोंडासमोर सुरुंग फुटला, हे तुला ठाऊकच आहे. मी रजा काढून त्याला भेटायला गेलो तेव्हा तो रोमजवळच्या लष्करी इस्पितळात होता. दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या. उजवा गेला, डाव्याचं अजून काही सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणत होते. मला वाटलं होतं, हा रडत असेल. पण हा चिडलेला होता. रोममध्ये ख्रिस्ती लोकांच्या सगळ्यात मोठ्या गुरूंचा राजवाडा आहे आणि त्यात केवढं तरी मोठं म्युझियम आहे. शहर आपल्या फौजांच्या हाती आल्यापासून ते बघायला शिपायांची नुसती रीघ लागली होती. वॉर्डातला ज्याला ज्याला चालता येत होतं तो तो जाऊन आला होता, आणि आल्यावर तेच तेच बोलत होता. भरमा मला म्हणाला, "सगळी बघून आली रं. मी एकलाच ऱ्हायलोय. मला घिऊन चल." मी गडबडलो. तिथं जाऊन हा काय बघणार, हे तोंडावर कसं बोलायचं? त्यानं ते ओळखलं असणार. म्हणाला, "तू बघ आन मला सांग. तुला शाळंत घातलंय कशाला मग?"

डॉक्टरांची परवानगी काढून आम्ही गेलो. अंजनी, आपल्या जत्रेला होते ती गर्दी काहीच नव्हे. गोरे, काळे, अमेरिकन, पोलंडचे, गुरखे, पंजाबी, सगळे बूट आपटत एकाच जिन्यानं वर चाललेले. भरमानं माझा दंड असा धरला होता की रात्री वळ दिसले. फाटकाशी बरीच माणसं गाइड म्हणून मागं लागत होती. त्यांतला एक म्हातारा लांबच उभा होता. काळा कोट, कोपरांवर ठिगळं, हातात हॅट. बिचारा ओरडतही नव्हता. मी त्यालाच विचारलं. त्याचं नाव पिएत्रो. शाळेत चित्रकला शिकवायचा, आणि लढाईच्या आधी इंग्रज प्रवाशांना हे म्युझियम दाखवायचा, म्हणून इंग्रजी चांगलं होतं. आम्ही त्याला मास्तरच म्हणू लागलो. मास्तरांनी भरमाकडे पाहिलं, मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "मी ह्यांना काय दाखवू?" मी ते भरमाला मराठीत सांगितलं. तर हा म्हणतो, "त्यास्नी सांग, इस्पितळातली भित सोडून काय बी दावा."

मास्तर हसले आणि आम्हाला घेऊन आत शिरले.

सुरुवातीला काही जमेना. मास्तर इंग्रजीत सांगायचे, हे अमक्या शतकातलं, हे तमक्या राजाचं. मी त्याचं मराठी करायचो. भरमा मुकाट ऐकायचा. एका लांबच लांब दालनात आम्ही आलो, तिथं दोन्ही भिंतींवर देशाचे नकाशे रंगवलेले, छत सोन्यानं मढवलेलं. मी छताचं वर्णन करून करून दमलो. भरमा म्हणाला, "शामू, तू सरकारी नोटीस वाचल्यागत सांगतूस. तुला काय दिसतंय त्ये सांग की." मग मी मास्तरांचं बोलणं अर्धं सोडून दिलं. म्हटलं, हे दालन आपल्या घरापासून रवळूकाकाच्या विहिरीपर्यंत जाईल एवढं लांब आहे. नकाशात समुद्र निळा आहे आणि त्यात इवली इवली गलबतं आहेत. आणि माझ्या पुढ्यात एक अमेरिकन उभा आहे, तो छताकडे बघता बघता एका मेमच्या पायावर पडलाय आणि ती त्याला शिव्या देतेय. भरमा हसला. जखम झाल्यापासून पहिल्यांदाच, असं नंतर नर्सबाई म्हणाल्या.

पुढं एका देवळात गेलो. तिथं आत पाऊल टाकताच सगळा गलका बंद झाला. भरमानं विचारलं, "सगळी गप का झाली?" मी म्हटलं, सगळे माना वर करून छताकडं बघतायत. "मग वर काय हाय?" मी वर बघितलं, अंजनी. सगळं छत माणसांनी भरलेलं. दांडगी, पैलवानासारखी माणसं. एक दाढीवाला म्हातारा वाऱ्यावर अंगरखा उडवत येतोय, एकजण जमिनीवर रेलून त्याच्याकडं हात करतोय. मी हे सगळं हळू आवाजात सांगत होतो. शेवटी म्हटलं, आणि बहुतेकांच्या अंगावर कापडं नाहीत. "कापडं न्हाईत? देवळात?" भरमा एवढ्या मोठ्यानं ओरडला की सगळ्या माना वरून खाली आल्या. पहारेकऱ्यानं शुक् केलं. मास्तरांना अर्थ विचारावाही लागला नाही. खांदे हलवत हसत होते.

एका खोलीत एका बाईचं चित्र होतं. कडेवर मूल, मागं खिडकी, खिडकीतून शेतं दिसतात. मी सांगायला लागलो, तर भरमानं मधेच विचारलं, "अंजनीगत हाय का रं दिसायला?" मी म्हटलं, नाही. ही गोरीपान आहे आणि फार शांत आहे. आपली अंजनी सावळी, आणि तिचं तोंड एवढा वेळ मिटलेलं कुणी पाहिलंय? मास्तरांनी विचारलं, अंजनी कोण? मी उत्तर देणार, तेवढ्यात भरमानं स्वतःच आपल्या पलटणीतल्या इंग्रजीत सांगितलं, "माय मिसेस." मग जरा थांबून, लाजून, "नॉट यट." मास्तरांनी त्याचा हात हातात घेऊन दोनदा हलवला, जसं काही लग्न लागलंच होतं.

मग मास्तर म्हणाले, आता गर्दीच्या वाटेनं नको, आपण दुसरीकडं जाऊ. त्यांनी आम्हाला ज्या खोलीत नेलं तिथं फक्त जनावरं होती. सगळी दगडाची. हरणं, कुत्री, मेंढे, सिंह. तिथं हात लावायची मनाई आहे. मास्तर पहारेकऱ्याजवळ गेले, त्यांच्या भाषेत काहीतरी बोलले. पहारेकऱ्यानं भरमाच्या पट्ट्यांकडे पाहिलं, आणि आमच्याकडे पाठ करून तो खिडकीबाहेर बघायला लागला. मास्तरांनी भरमाचा हात धरून एका जनावरावर ठेवला.

भरमाचे हात पाठीवरून फिरले, मग मान, मग शिंगं. "बैल!" तो म्हणाला. मग हात परत मागं आले, खांद्यावर चाचपडले, पुन्हा चाचपडले. "शामू, ह्याचं वशिंड मोडलंय का रं?" मी म्हटलं, मोडलेलं नाही, ह्यांच्या बैलांना वशिंडच नसतं. "आन मग जू कुठं ठेवत्यात ही माणसं?" मी मास्तरांना विचारलं. मास्तरांनी डोकं खाजवलं. म्हणाले, "इतकी वर्षं मी हा बैल लोकांना दाखवतोय. लॉर्ड आले, लेड्या आल्या. हे मला कुणी विचारलं नव्हतं." आम्ही तिघंही हसलो.

हसणं संपलं तरी भरमाचा हात त्या बैलाच्या पाठीवरून निघेना. थंड दगड, पण तो खऱ्या जनावराला थोपटावं तसा थोपटत होता. मग माझ्याकडं न वळताच म्हणाला, "शामू, मला आता नांगुर धरता यील का रं?"

मास्तरांनी विचारलं, काय म्हणतोय? मी सांगितलं. म्हाताऱ्यानं काही धीर वगैरे दिला नाही. भरमाचा हात बैलावरून अलगद उचलला आणि म्हणाला, "चला, अजून पुष्कळ राहिलंय. मेंढा आहे, कुत्र्याची पिल्लं आहेत, हिरव्या दगडाचा खेकडा आहे." आणि एकेकाजवळ नेत राहिला. खेकड्याच्या नांगीत बोट घालून भरमा खोटं खोटं विव्हळला, तेव्हा कुठं माझ्या जिवात जीव आला.

बाहेर आल्यावर मास्तरांनी पैशाऐवजी साबण मागितला. तिकडं तेव्हा साबण सोन्याच्या मोलाचा झाला होता. माझ्याकडचा दिला. भरमानं घरून आलेली विड्यांची जुडी वर दिली. मास्तरांनी तिथंच एक शिलगावली, एक झुरका घेतला आणि खोकून खोकून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. भरमा अभिमानानं म्हणाला, "निपाणीची तंबाखू हाय म्हणावं."

ह्यानंतर काय झालं ते तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. डावा डोळाही गेला. पुण्याच्या इस्पितळातून भरमानं आप्पांना निरोप धाडला, की मी दिलेला शब्द सोडला, पोरीचं दुसरीकडं बघा. आईनं मला कळवलं, अंजनीनं मुकाट्यानं मान्य केलं. मी ते वाचलं आणि मला पटलं नाही. तू मुकाट बसलीस हे खरं असेल. मान्य केलंस, हे आईनं आपल्या मनानं घातलं.

आता इथं भरमाच्या घरी येऊन मला आठवडा होत आला. तुला खरं सांगायचं तर भरमा सोपा माणूस राहिलेला नाही. चौकटीवर डोकं आपटलं की घरभर शिव्या घालतो. गुणामावशी, त्याची आई, ताटात वाढताना भाजी कुठं नि भाकरी कुठं सांगायला गेली तर चिडतो, आणि नाही सांगितलं तर आमटीत हात घालून पुन्हा चिडतो. काही दिवस कुणाशी बोलतच नाही. पण आंधळ्या शिपायांच्या शाळेत तो खाटा विणायला शिकून आलाय, आणि अक्कोळातल्या निम्म्या घरांत आता त्याच्या हातच्या खाटा आहेत. शेतात काठी घेऊन बांधाबांधानं एकटा जातो. वाळायला टाकलेली तंबाखू हातानं चाचपून बघतो. कधी बरोबर सांगतो, कधी चुकतो, आणि चुकला की स्वतःच पहिला हसतो. नांगर अजून धरलेला नाही. मी त्यावर काही विचारलं नाही. मी रोज संध्याकाळी त्याला काय दिसतं ते सांगतो, आणि तो माझ्या सांगण्यातल्या चुका काढतो. मला हे दिवस फार बरे गेले, अंजनी. लढाईनंतर पहिल्यांदाच मला कुठं जायची घाई नव्हती.

काल आम्ही बांधावर बसलो होतो. मी त्याला सांगितलं, खानापूरच्या लाकडाच्या वखारीतला कारकून आप्पांनी तुझ्यासाठी बघितलाय, पुढच्या गुरुवारी ती माणसं येणार आहेत. तो म्हणाला, "चांगलं झालं." मग बांधावरचं गवत उपटत म्हणाला, "ती काय म्हणतीया?" मी म्हटलं, काही म्हणत नाही, कारण तिला कुणी विचारलंच नाही. "कुणीच न्हाय?" मी म्हटलं, "आप्पांनी न्हाय, आईनं न्हाय. तू बी न्हाय. तू नुसता निरोप धाडलास." तो काठी चाचपत उठला. घरी आलो, हातपाय धुतले, जेवायला बसलो. भाकरी मोडता मोडता म्हणाला, "चल, इचारून यिऊ."

म्हणून हे पत्र. सोमवारच्या मोटारीनं आम्ही दोघं निपाणीहून निघतोय. संकेश्वरात ती कोळशाच्या गॅसवर चालणारी मोटार बंद पडली नाही तर दिवस मावळायच्या आत येळ्ळूरला पोचू. भरमा सगळ्यांसमोर तुला विचारणार आहे. आयत्या वेळी तू गोंधळून जाऊ नयेस, तुला विचार करायला चार दिवस तरी मिळावेत, एवढ्यासाठी मी आधी कळवतोय. मी लिहिलंय हे त्याला ठाऊक नाही. तुला भीती वाटत असेल तर तीही खरीच आहे, मी वर काही लपवलेलं नाही. तू नाही म्हणालीस तर मी त्याला परत अक्कोळला आणून सोडीन आणि तुला कधी त्याबद्दल एक शब्द बोलणार नाही. व्हय म्हणालीस तर आप्पांचं मी बघतो. फक्त मान हलवू नकोस, त्याला ते दिसणार नाही. जे काय असेल ते तोंडानं, मोठ्यानं सांग.

तुझाच,
शामूअण्णा