डिकी धरणारा माणूस

॥ श्री ॥

निफाड
१२ जुलै १९९८

ती. अक्कास,
धाकट्या रंगनाथचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तू माझं पुरतं ऐकून न घेता रिसीव्हर ठेवतेस, म्हणून कागद घेतला. पत्र तरी शेवटपर्यंत वाचशील.

तुझ्या उजव्या हाताचं प्लॅस्टर निघाल्याचं सावळीरामकडून कळलं. दोन बोटं अजून पुरती वळत नाहीत, हेही त्यानेच सांगितलं. तू सांगितलं नसतंस. महिना होऊन गेला, पण बाजारातला तो आवाज माझ्या कानातून जात नाही. तुझी भावजय छाया दोनदा विचारून झाली की डिकीच्या झाकणाला टेकू दिलेली काठी सरकली तरी कशी. तू दवाखान्यात जे सांगितलंस तेच मी तिला सांगतो.

अक्का, ती गाडी आता काढून टाक. दाजी होते तोवर ठीक होतं. देवळालीच्या साहेबाकडून त्यांनी हौसेने घेतली, पंचवीस वर्षं गॅरेजात पोटच्या पोरासारखी जपली, त्यांना ते शोभलं. तू साठीला टेकलेली बाई, दोन सीटच्या विलायती स्पोर्ट्स कारमधून पंचवटीच्या बाजारात झेंडू नेतेस. लोक हसतात ते सोड. पण दाजींनी पाट्या ठेवायला डिकीवर तो लोखंडी कॅरिअर बसवला, तेव्हापासून ते झाकण एकट्या बाईने उचलण्याजोगं राहिलेलं नाही.

पुण्याचे एक गृहस्थ आहेत, जुन्या गाड्यांचे शौकीन. फोटो पाहूनच खूश झाले. कॅरिअर भोक न पाडता नटबोल्टने कडांना आवळलेला आहे, तो काढता येईल म्हणाले. अट एकच, मूळ पत्र्याला कुठे कापाकापी झालेली नको. दसऱ्याच्या सुमारास बघायला येतील. मी त्यांना शब्द दिला आहे. फुलांचा मळा वाट्याने लावून टाक आणि इकडे राहायला ये. माडीवरची खोली तुझ्यासाठी रंगवून घेतली आहे.

लोभ असावा, आणि या खेपेला राग थोडा आवरता असावा, ही विनंती.

तुझा
रंगनाथ


मखमलाबाद
२६ जुलै १९९८

चि. रंगनाथ यास,
अक्काचे अनेक आशीर्वाद.

पत्र शेवटपर्यंत वाचलं, दोनदा वाचलं. खोलीला कोणता रंग दिलास ते लिहिलं नाहीस. पण जिला राहायचं असेल तिने विचारावं, मी कशाला विचारू?

गाडी माझी आणि शब्द तुझा, हे कोणत्या गावचं वळण? पुण्याच्या गृहस्थांना कळव, की तुझ्याकडे द्राक्षं भरपूर आहेत, हवी तेवढी न्यावीत.

बोटांचं म्हणशील तर गजरा ओवता येत नाही. त्याचं वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? चाळीस वर्षं ओवले. परवा सुई धरायला बसले आणि उठून गेले. पण स्टिअरिंग धरता येतं, आणि गिअर तर डाव्याच हाताचा आहे. ह्यांनी पेठ रोडच्या माळावर मला गाडी शिकवली तेव्हा सासूबाई तीन दिवस जेवल्या नव्हत्या. त्यांच्यापुढे मी नमले नाही आणि आता तुझ्यापुढे नमू? तुझं नाक पुसलंय मी.

खरा त्रास निराळाच आहे. त्या दिवसापासून काठी कोणी लावू देत नाही. बाजारात पोचले की डिकी धरायला माणूस शोधावा लागतो. माणूस मिळतो, नाही असं नाही. पण तो धरता धरता सल्ला देतो. या वयात कशाला, विकून टाका, भाऊ एवढा चांगला आहे तर त्याच्याकडे जा. काल शेजारच्या गाळ्यावरच्या सुलाबाईच्या जावयाने धरली. त्याच्या टेम्पोला दोन महिने धड ब्रेक नाहीत आणि मला सांगतो जपून राहा. माझ्या पाट्या आत, झाकण त्याच्या हातात, म्हणजे सगळं ऐकून घेणं आलं. मला तो माणूसच नको आहे.

सावळीरामला विचारलं. ह्यांच्या हाताखाली तीस वर्षं काढलेला मिस्त्री, त्याला काय ठाऊक नाही? तो म्हणाला, नव्या व्हॅनच्या मागच्या दाराला असतात तसे गॅसचे शॉकअप बसवू. सायकलच्या पंपाएवढ्या दोन नळ्या, आत दाबून भरलेला गॅस. झाकण थोडं उचललं की पुढचं त्या उचलतात आणि वरच्या वर धरून ठेवतात. फक्त त्यासाठी झाकणाला आणि खालच्या पत्र्याला मिळून आठ भोकं पाडावी लागतील. साहेबाची गाडी हे, एकदा भोक पडलं की मूळचं काय राहत नाय, असं तो दोनदा म्हणाला. मी त्याला सांगितलं, पाड.

छायाला आशीर्वाद. लोभ आहेच, तो गाडीसकट वाढावा.

तुझी
अक्का


॥ श्री ॥

निफाड
९ ऑगस्ट १९९८

ती. अक्कास,
रंगनाथचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी दोन दिवस बागेत गेलो नाही. भोकं पाडू नकोस, एवढं तरी ऐक. एकदा पत्रा फोडला की ते गृहस्थ गाडीकडे ढुंकून बघणार नाहीत, आणि तुला ते चांगलं ठाऊक आहे म्हणूनच तू हे करतेस, हे न कळण्याइतका मी खुळा नाही.

दाजींचा तरी विचार कर. ती बाभळीची काठी त्यांनी स्वतः तासली, टोकाला रबर लावलं. ती फेकून तिथे बाजारातल्या नळ्या लावणार? मखमलाबादची भावकी काय म्हणेल?

मी वाईट हेतूने काही करत नाही. ती गाडी माझ्या नजरेसमोर नको, एवढंच. पंचवटीच्या बाजारात आलो की ती दिसते आणि पाय मागे सरतो. यापेक्षा जास्त लिहिता येत नाही.

लोभ कमी होऊ देऊ नकोस, एवढं मागतो.

तुझा
रंगनाथ


मखमलाबाद
६ सप्टेंबर १९९८

चि. रंगनाथ यास,
अनेक आशीर्वाद.

भोकं पाडली. आठच्या आठ. पहिल्या भोकाला सावळीरामने डोळे मिटले म्हणून ड्रिल थोडं घसरलं. तिथे पत्र्यावर एक ओरखडा आहे.

पण एवढ्यावर झालं असं समजू नकोस. आधी आम्ही शहाण्यांनी घोळ घातला, तो ऐक आणि पोटभर हस. दुकानदार म्हणाला, झाकणाचं वजन सांगा, त्या जोराचे शॉकअप देतो. आम्ही फुलं विकणारी माणसं, माप भरून घ्यायची सवय. झाकण काढून फुलांच्या काट्यावर ठेवलं, आणि कॅरिअरवर रोजच्यासारख्या भरल्या पाट्याही ठेवल्या. भरलं अडतीस किलो. त्या जोराची जोडी आणून बसवली. दुसऱ्या दिवशी बाजारात पाट्या उतरवल्या, डिकीची चावी फिरवली, तर झाकण असं उसळलं की सावळीरामची टोपी पलीकडच्या भाजीत जाऊन पडली. बंद करायला मी आणि सुलाबाई दोघी त्यावर बसलो तेव्हा कुठे कडी लागली. सगळा बाजार जमला होता, कारण दोन म्हाताऱ्या स्पोर्ट्स कारच्या डिकीवर बसलेल्या रोज कुठे दिसतात?

मग डोक्यात उजेड पडला. वरच्या पाट्या उतरवल्याशिवाय डिकी उघडतो कोण? नुसतं झाकण आणि रिकामा कॅरिअर तोलला, सव्वीस किलो. दुकानदाराने जोडी बदलून दिली. आता मी याच वाकड्या बोटांनी झाकण उचलते. अर्ध्यावरून ते आपलं आपण वर जातं आणि तिथेच राहतं. खाली ओढलं तरच येतं. धरायला कोणी नाही, त्यामुळे सल्लाही नाही.

काठी फेकलेली नाही. ह्यांनी तासलेली वस्तू मी फेकीन, असं तुला वाटलंच कसं? ती देवघराच्या कोपऱ्यात उभी आहे.

आता पुढचं एकदाच लिहिते. काठी सरकली नव्हती. काठी लावलेलीच नव्हती. तू म्हणालास राहू दे अक्का, मी धरतो. मी वाकून पाटी ओढत होते, समोरून फुलवाले चिमाजी आले, आणि तुला आपल्या नानांचं वळण, वडीलधारा माणूस दिसला की दोन्ही हात जोडून रामराम. तू हात जोडलेस. एवढंच झालं. दवाखान्यात मी काठीवर घातलं, कारण तुझ्या तोंडाकडे बघवत नव्हतं. त्याचा मला राग नाही, त्या दिवशीही नव्हता. राग आहे तो याचा, की तुझ्या मनावरचं ओझं उतरावं म्हणून तू माझी गाडी विकायला निघालास आणि त्याला माझी काळजी असं नाव दिलंस.

पुण्याच्या गृहस्थांना दसऱ्याच्या आदल्या दिवशी खुशाल घेऊन ये. झेंडूचा दिवस आहे, मला हाताखाली माणूस लागेल. गाडी विकायची नाही हे त्यांना तूच सांग, शब्द तू दिला होतास. भोकं मी झाकून ठेवणार नाही.

लोभ पूर्वी होता तेवढाच आहे, कमी धरू नकोस.

तुझी
अक्का


॥ श्री ॥

निफाड
४ ऑक्टोबर १९९८

ती. अक्कास,
रंगनाथचा शि. सा. न. वि. वि.

घरी सुखरूप पोचलो. तू दिलेल्या झेंडूची तोरणं दाराला अजून ताजी आहेत. माडीवरच्या खोलीत द्राक्षाची खोकी रचली. रंग पोपटी होता, आता तरी विचारू नकोस.

त्या दिवशी बाजारात तू शेवंती घेऊन आत गाळ्यावर गेलीस, त्या अर्ध्या तासात काय झालं ते तुला ठाऊक नाही. तिथे बोललो नाही, म्हणून लिहितो. पुण्याच्या गृहस्थांनी डिकी उघडली, चष्मा लावला आणि एकेका भोकावरून बोट फिरवलं. मग विचारलं, हा गाढवपणा कोणी केला. अक्का, तुझं नाव सांगणं सोपं होतं आणि खरंही होतं. मी म्हणालो, मी केला. त्यांनी विचारलं कशासाठी. मी म्हणालो, या झाकणाखाली माझ्या बहिणीची दोन बोटं चेंगरली, काठीने नाही, माझ्या हाताने, आणि गाडी विकायची नाही. ते चहाही न घेता गेले. सावळीराम तिथेच उभा होता, त्याने सगळं ऐकलं. घरी येऊन छायालाही सांगितलं. दोन दिवस ती माझ्याशी बोललेली नाही. बरोबरच आहे तिचं.

पण मला सांगायचं आहे ते याच्या पुढचं. ते गेले तरी मी डिकीपाशीच उभा होतो, दोन्ही हात झाकणाला लावून. सावळीराम सांगत होता, सोडा दादा, राहतं ते. मला हात काढवेना. तेवढ्यात समोरून चिमाजी आले, खांद्यावर झेंडूचं गाठोडं घेऊन, आणि लांबूनच त्यांनी रामराम घातला. अक्का, मी दोन्ही हात सोडले आणि जोडले. झाकण जागचं हललं नाही. मी हात जोडून इतका वेळ का उभा आहे आणि रडतो कशाला, हे चिमाजींना कळेना. त्यांनी गाठोडं खाली ठेवलं आणि तेही हात जोडून उभे राहिले.

लोभ मागायला तोंड नाही, तरी मागतो.

तुझा धाकटा
रंगनाथ