एक पत्ता ओढायचा राहिला

तारनाका, हैदराबाद
बुद्धपौर्णिमेनंतरचा गुरुवार

प्रिय दीपमाला,

सप्रेम जय भीम.

तुझं पार्सल मंगळवारी मिळालं. आत निघालं ते असं: पत्त्यांचे कॅट दोन, प्लास्टिकचे, बिलाप्रमाणे सहाशे ऐंशी रुपये, पांढरी सुती साडी एक, किंमत तू खोडलीस पण उजेडात धरली की दिसते, चारशे पन्नास, शेंगदाण्याची चिक्की अर्धा किलो, तिचं बिल नाही, वर टपालाचे एकशे दहा. चिक्कीचा चुरा झालाय, पण चुरा काही कडू लागत नाही. साडी पुढच्या पौर्णिमेला विहारात नेसेन. पत्त्यांवर मात्र एवढे पैसे घालायची काय गरज होती बाई? तेवढ्यात माझं तीन महिन्यांचं तेल येतं. मधे तुझ्या बाबांचा फोन येऊन गेला, निजामाबादच्या स्थळाबद्दल. तू त्या लोकांना 'आत्याबाईंना विचारून सांगते' म्हणालीस आणि मला अजून काहीच विचारलं नाहीस, हे त्यांच्याकडून कळलं. त्यावर लिहायचंच आहे. फोनवर तो विषय काढला की नेमकी तुझ्या कुकरची शिट्टी होते. पत्राला ती सोय नाही. पण आधी वस्तूंची पोच नीट देते, मग बाकीचं.

पत्ते चांगले आहेत. तू घेतलेत म्हणून नाही म्हणत, तपासून सांगते. हल्ली कागदावर नुसतं वरून प्लास्टिक चढवून 'प्लास्टिकचे' म्हणून विकतात, ते पाणी लागलं की कडेनं फुगतात. म्हणून एक जोकर दिवसभर पातेल्यात बुडवून ठेवला. पाच-तीन-दोनमध्ये जोकर लागत नाही, त्याचे हाल केले तरी चालतात. संध्याकाळी काढला तर पाणी नुसतं घरंगळून गेलं, कडा होत्या तशा. मग त्याची गुंडाळी करून रबर लावलं. रबर काढलं तसा तो सरळ. नखानं खरवडलं, रंग निघाला नाही. समोरची भाग्यलक्ष्मी दारातून बघत होती. म्हणाली, आंटी, पत्ते खेल रे की अचार डाल रे? मी म्हटलं, सुनेनं पाठवलेत, मुरवून घेते. दोष एकच, नवे आहेत तोवर फार निसरडे. पिसायला घेतले आणि अर्धे ओट्याखाली गेले. त्यांना पावडर लावायची नाही, ती कागदी पत्त्यांची युक्ती. प्लास्टिकवर तिचा काळा थर बसतो. हाताळून हाताळूनच ते हातात ठरायला लागतात.

तुला आठवतं का, तू या घरात आलीस तेव्हा पत्ते विकत आणायचे असतात हेच आम्हाला ठाऊक नव्हतं. तुझे सासरे रेल्वेच्या इन्स्टिट्यूटमधून टाकून दिलेले कॅट घेऊन यायचे. कागदी, घामानं मऊ पडलेले, कोपऱ्यांना पापुद्रे सुटलेले. एकातली किलवरची अठ्ठी हरवली होती, तर कोणाच्या तरी लग्नाच्या पत्रिकेतून कापून केलेली. ती ज्याच्या हातात जाईल त्याचं पितळ उघडं, कारण मागून 'शुभविवाह'मधलं 'वाह' दिसायचं. त्यांची एकच अट, या घरात पत्त्यांना पैसा लावायचा नाही. पैसा नसला तरी ओरडाआरडा होताच. तू पहिल्यांदा खेळायला बसलीस, सासऱ्यांचा राजा हुकमाच्या सत्तीनं मारलास आणि लाजून पदर तोंडाला लावलास. ते मला म्हणाले होते, सरू, ही पोरगी पदराआड हसतेय, जपून राहा.

ते गेल्यावर आपण तिघंच उरलो, तू, मी आणि आदर्श. पाच-तीन-दोनला तिघंच लागतात, म्हणून डाव थांबला नाही. मग आदर्शची किडनी बिघडली आणि डाव आपल्याबरोबर डायलिसिसला यायला लागला. मशीनला जोडलेला हात हलवायचा नाही, दुसऱ्या एका हातानं दहा पत्ते धरणार कसे? मी सुताराकडून लाकडी पट्टीला खाच पाडून आणली. तिच्यात कागदी पत्ते उभे केले की थोड्या वेळानं मान टाकायचे. सगळे त्याच्या छातीवर पालथे, आणि तो ओरडायचा, आई, बघू नको, बघू नको! तिथल्या सिस्टरनं तर एकदा गड्डीच उचलली, म्हणाली, अम्मा, हे कागद बेडवर नक्को, किती मळ आहे बघा. दुसऱ्या दिवशी तू अफझलगंजहून प्लास्टिकचा कॅट घेऊन आलीस. घरात औषधाला पैसे पुरत नव्हते, मी तुला वाटेल ते बोलले.  स्पिरिटच्या बोळ्यानं एकेक पत्ता पुसलास आणि पट्टीत लावलास. ताठ उभे राहिले. आदर्श म्हणाला, आत्ता कुठं लष्कर आल्यासारखं वाटतं.

त्या कॅटचे मीही कमी हाल केले नाहीत. एकदा सोड्यानं धुऊन गच्चीवर वाळत घातला, आपल्या इथल्या मे महिन्यात. पापड झाले त्यांचे. तुम्ही दोघं हसून हसून लोळलात, आणि मी रात्रभर पत्ते तांदळाच्या डब्याखाली दाबून ठेवले. बहुतेक सरळ झाले. चौकटची राणी तेवढी अजून जरा कमरेत वाकलेली आहे. तेव्हापासून सांगते, प्लास्टिकला पाणी चालतं, ऊन चालत नाही.

तू नांदेडला गेलीस तेव्हा तो कॅट माझ्याकडे ठेवलास. शाळेची नोकरी मिळाली म्हणून मीच तुला जा म्हटलं, आणि ते बरोबरच होतं. मग तू फोनवर विचारायचीस, आत्याबाई, दिवसभर करता काय? मी सांगायची, इंदुताई येतात, त्या एकीला घेऊन येतात, पत्ते कुटतो. आता दोन नवे कॅट आलेले बघून लक्षात आलं, तुला वाटलं रोज खेळून जुना झिजला असेल. इंदुताई दिवाळीपासून मुलाकडे पुण्याला आहेत, दीपा. जुना कॅट कपाटातून काढून नव्याशेजारी ठेवला, तर राणीची कंबर सोडली तर दोन्हीत फरक दिसत नाही. वाटलं तर प्लास्टिकचा गुण म्हण. एखाद्या दुपारी वंदना झाल्यावर मी तिघांचे पत्ते वाटते. माझे उचलते, नीट लावते. तुमचे दोघांचे उचलायला हात पुढं होत नाही. मग सगळे गोळा करून पुन्हा डब्यात. आता ही गोष्ट वाचून तू इकडे यायला पिशवी भरशील, हे मला माहीत आहे. पिशवी भरू नकोस, पुढचं वाच.

निजामाबादच्या त्या संघपालबद्दल तुझ्या बाबांनी सगळं सांगितलं. वीज खात्यात आहे, पहिली बायको बाळंतपणात गेली, लहान मुलगी आहे. तुझ्याशी दोनदा बोलला आणि दोन्ही वेळा आदर्शबद्दल त्यानं आपणहून विचारलं. तुला तो आवडलाय, असं तुझी आई म्हणते. आईला ते कळतं. मग अडलं कुठं, तर माझ्यापाशी. माझ्यासाठी तू थांबलीस तर काय होईल ते सांगते. नांदेडला एक बाई एकटी राहील आणि तारनाक्याला एक बाई एकटी राहील. मला एकटं वाटतं, खोटं कशाला बोलू? जेवायला बसले की जास्त वाटतं, दोन भाकरी थापायला पीठ घेते आणि एकीचं परत डब्यात टाकते. पण ते तू लग्न केलं नाहीस म्हणून कमी व्हायचं नाही. उलट तुझ्याकडे बघून माझ्या जिवाला दुसरा घोर लागेल. आणि हिशेबाला मी कधी चुकत नाही: तू, तो आणि ती पोरगी. तुम्ही तिघं होता. पाच-तीन-दोनला चौथं माणूस लागत नाही. नव्यातला एक कॅट मी कागदही न सोडवता तसाच ठेवलाय, तुझ्या नव्या घरी द्यायला. तुझ्याच पैशाचा आहेर आहे, नावं ठेवू नकोस. पोरगी लहान आहे, पत्ते तोंडात घालेल. घालू दे. पुसले की झालं.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते. आपला शेवटचा डाव तुला आठवत असेल. तुला पाच हात करायचे होते, चारच झाले. मला दोन करायचे होते, तीन झाले. म्हणजे नियमानं पुढच्या डावात तुझ्या हातातला एक पत्ता मी न बघता ओढायचा आणि माझ्याकडचा एक तुला द्यायचा. आदर्श तुला चिडवत होता, आता आई तुझा एक्का नेणार बघ, म्हातारीचा हात बरोबर तिथंच जातो. तू पत्ते पिसायला घेतलेस आणि मशीन वाजायला लागलं. तो डाव वाटलाच गेला नाही. माझं ओढणं तसंच राहिलं. ते मी आज ओढते. तुझ्या हातात माझ्यासाठी धरून ठेवलेला जो नकार आहे, तो मी घेतला. ओढलेल्या पत्त्याबद्दल तक्रार चालत नाही, हा तुझ्या सासऱ्यांचा नियम आहे. बदल्यात नियमाप्रमाणे एक पत्ता देते, पाकिटात बघ: जुन्या कॅटमधला किलवरचा एक्का. कसलेही पत्ते येवोत, आदर्श किलवरच हुकूम म्हणायचा आणि हरायचा. द्यायचा तर नकोसा पत्ता द्यायचा असतो. हा नकोसा नाही, तरी देते. प्लास्टिकचा आहे, टपालात दुमडणार नाही. तो परत पाठवू नकोस. आता त्या कॅटचा डाव इथं कोणाला वाटता येणार नाही, मलाही नाही, आणि तेच बरं. लग्नाची तारीख ठरवा, मला वंदनेला पुढं बसायचंय, नवी पांढरी साडी नेसून. माझं नाव-ठिकाण घालून, तिकीट लावून एक रिकामं पाकीट सोबत ठेवलंय. फोन करू नकोस, तुझा आवाज ऐकला तर मी ये म्हणून बसेन. दोनच ओळी लिही, पण उलट टपाली कळव.

तुझीच,
आत्याबाई