चौथ्या भागातली हाक

गोरेगाव, मुंबई
२४ फेब्रुवारी २०२५

ती. रंजीताताईस,

प्रफुलचा सप्रेम जय भीम. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. फोनसाठी तू टेकडीवर चढतेस आणि तिथं अर्धं गाव रेंज शोधत उभं असतं, म्हणून घरचं बोलायला आपलं पत्रच बरं, हे तुझं म्हणणं मान्य.

बातमी अशी. ‘कोनाडा’ नावाचे तीन भुताचे सिनेमे आठवतात ना? दुसरा पाहताना तू चंद्रपूरच्या टॉकीजमधून मध्येच उठून गेली होतीस. त्याच कंपनीने आता त्याच नावाची टीव्ही मालिका काढली आहे. आठ भाग, आठ वेगळ्या गोष्टी. सिनेमाशी नातं एवढंच की प्रत्येक गोष्टीत एक कोनाडा दिसला पाहिजे आणि त्यातला दिवा विझला पाहिजे. चौथा भाग माझा आहे. अकरा वर्षं दुसऱ्यांच्या नावाने लिहिलं, आता पडद्यावर माझं नाव येईल.

माझी गोष्ट आपल्या जंगलातली. मोहफुलं वेचताना बाया एकमेकींना हाका मारत राहतात, तिथून सुचली. गोष्टीत एक मेलेली बाई तशीच हाक मारते आणि जी ओ देते ती घरी परतत नाही. जंगलात भिंत नाही म्हणून त्यांनी मोहाच्या झाडालाच कोनाडा कोरला. मी भांडलो नाही. सहा वेळा तीच गोष्ट नव्याने लिहून दिल्यावर भांडायला जीव राहत नाही.

आणखी एक. गेल्या वर्षी आईसोबत मोह वेचायला गेलो होतो तेव्हा तिची हाक मोबाईलवर घेतली होती. इथल्या आवाजवाल्यांना ती इतकी आवडली की त्यांनी दुसरं कुणी शोधलंच नाही. त्या मेलेल्या बाईचा आवाज आईचा आहे. तिला आधी सांगू नकोस, तिची तिला ओळखू दे. २१ मार्च, रात्री नऊ वाजता.

आईला जय भीम सांग. लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझा,
प्रफुल

*

मोहर्लीजवळून
३० मार्च २०२५

चि. प्रफुल यास,

जय भीम व अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझा भाग आम्ही गुलाबभाऊंच्या घरी पाहिला, त्यांचा टीव्ही मोठा आहे. खोली माणसांनी भरली होती. तुझं नाव आलं आणि मी वाचून दाखवेपर्यंत गेलंही. झाडातला कोनाडा पाहून आईने विचारलं की हे भोक कोनं पाडलं, आता ते झाड फुलन का. मग हाक आली. आईने चहाचा कप खाली ठेवला. मग सगळ्यांना सांगत सुटली की हा माह्या आवाज होय. आईच्या जोडीच्या बायनाबाई म्हणाल्या, अंजना मेली अन् आमाले कोनं सांगतलं बी नाई. खूप हसलो.

बाबांनी जन्मभर गावात सांगितलं की भूत नसतं आणि त्यांचा मुलगा भुतावर पोट भरतो, असं मी आईला म्हटलं. ती म्हणाली, भरू दे, पोट तर भरून राह्यला.

इथपर्यंत गंमत होती. आता मोह पडायला लागलाय. बायनाबाईंची नात रिना बारावीची परीक्षा देऊन घरी आहे, ती आणि तिच्या मैत्रिणी यंदा वेचायला जातात. त्यांनी खेळ लावला आहे. आईची हाक आली की ओ द्यायची नाही, तोंडावर हात धरून हसायचं. आई रोज घसा बसवून घरी येते.

तू दोन दिवस जंगलात आलास म्हणून तुला ती हाक नुसती गोड वाटली. ती कामाची आहे. आपण किती जणी आहोत ते वाघाला कळावं आणि आपली कोण कुठं आहे ते आपल्याला. ओ आली नाही की बाकीच्या टोपली टाकून तिकडं पळतात. गेल्या साली पलीकडच्या गावची बाई गेली, ती एकटीच होती, हाक ऐकायला सोबत कुणी नव्हतं. म्हणून म्हणते, मालिका पुन्हा दाखवतील तेव्हा आईचा आवाज तेवढा काढायला सांग. पोरी चार दिवसांत विसरतील.

जेवत जा वेळेवर. माया आहेच, ती मागावी लागत नाही.

तुझी ताई,
रंजीता

*

गोरेगाव, मुंबई
८ एप्रिल २०२५

ती. ताईस,

सप्रेम जय भीम. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. आवाज काढा म्हणून मी कंपनीत सांगितलं. आधी हसले, मग त्यांनी कागद दाखवला. गोष्टीसोबत ती हाकही मी सही करून देऊन टाकली आहे. सही करताना वाचलं नव्हतं, नाव येतंय एवढंच डोक्यात होतं. आता तर त्या हाकेवर लोक मोबाईलवर व्हिडिओ करतात, हाक वाजते आणि माणूस दाराशी थिजून उभा राहतो. कंपनी खूश आहे. पुढच्या आठ भागांतले तीन मला देणार म्हणतात आणि आईचा आवाज आणखी हवा म्हणतात. मी हो-नाही काहीच बोललो नाही.

ताई, मी थकलोय गं. अकरा वर्षांनी एक गोष्ट चालली आणि तीच मागे घ्यायला तू सांगतेस.

दादरहून पंधरा शिट्ट्या पाठवतो आहे, चांगल्या आहेत, लांब ऐकू जातात. सगळ्या बायांना वाट. आणि आई एकसष्टची झाली, तिने आता जंगलात जाऊच नये असं माझं म्हणणं आहे. मी आहे ना.

रागावू नकोस, रागावलीस तरी लिहीत राहा.

तुझा,
प्रफुल

*

मोहर्लीजवळून
२७ एप्रिल २०२५

चि. प्रफुल यास,

जय भीम. वि. वि.

शिट्ट्या मिळाल्या. सध्या गावभर पोरं त्या वाजवत फिरतात. बायांनी दोन दिवस गळ्यात घालून काढून ठेवल्या. शिट्टीवरून कोण आहे ते कळत नाही, दमली की घाबरली तेही कळत नाही, असं बायनाबाई म्हणाल्या आणि मला पटलं. आईला जंगलात जाऊ नको म्हणून मीही सांगून पाहिलं. मंग दिवसभर काय करू, तुह्यं तोंड पाहू का, असं तिने मला विचारलं.

आता नीट वाच. मंगळवारी सकाळी आई नाल्यापलीकडच्या मोहाखाली होती. रिना आणि तिच्या दोन मैत्रिणी अलीकडे होत्या. बायनाबाई तापाने घरी पडल्या होत्या. तिकडून अस्वल आलं. मोहफुलाला अस्वल येतंच, चार जणी ओरडत धावल्या की निघून जातं. आईने हाक मारली. कुणी ओ दिली नाही, कुणी आलं नाही. तिने चारदा हाक मारली. मग झाडाला पाठ लावून, टोपली पुढ्यात धरून उभी राहिली. अस्वल तिच्यासमोर फुलं खात राहिलं आणि पोट भरल्यावर गेलं. किती वेळ गेला ते तिला सांगता येत नाही.

संध्याकाळी रिना घरी येऊन रडली. त्या दिवशी खेळ नव्हता, असं ती शपथेवर सांगते. ही अंजनाआजीच आहे हे तिला कळत होतं, पण टेकडीवर बसून तो आवाज मोबाईलवर इतक्यांदा ऐकला होता की अंगावर काटा आला आणि तोंडातून ओ निघेचना. पोरगी खोटं बोलत नाही. तिच्यावर मला रागावता आलं नाही. राग तुझ्यावर आहे, तो लिहून टाकते. आईचा आवाज तू तिला न विचारता नेलास. मला सांगितलंस आणि गप्प बसवलंस, आणि मीही गंमत समजून गप्प बसले, त्याचा राग माझ्यावर.

आई दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. पण आता ती हाक मारत नाही. कुणाच्या हाकेला ओ देते तेवढंच. बायनाबाईंनी काऊन म्हणून विचारलं, तर म्हणाली, माह्या आवाजाले लोकं भेतात, कशाले मारू.

पाच तारखेपासून तेंदूपत्ता आहे. पत्ता तोडताना बाया वाकलेल्या असतात, झुडपाआड दिसतही नाहीत. तिथं आई मुकी राहिली तर काय होईल, याचा विचार करून माझं डोकं शिणलं. मला पाच ते वीस चंद्रपूरला अंगणवाडीचं प्रशिक्षण आहे, ते चुकवता येत नाही. तू ये. बाकी काही पाठवू नकोस, तू ये.

रंजीता

*

मोहर्लीजवळून
१६ मे २०२५

ती. ताईस,

सप्रेम जय भीम. वि. वि.

तुझं प्रशिक्षण कसं चाललं आहे? तुझ्या शेळीने माझी चप्पल खाल्ली, एवढी एक तक्रार. मी चार तारखेलाच पोहोचलो. पहिल्या रात्री आईची माफी मागायला गेलो तर म्हणाली, आधी जेव. जेवल्यावर म्हणाली, आता झोप, पाहाटं उठा लागते. कंपनीची नवीन भागांची बैठक नऊ तारखेला होती. ती झाली असेल.

रोज आईच्या मागे असतो. पाठ मोडते. ती हाक मारत नाही म्हणून तिच्या वतीने मी मारतो. माझी हाक ऐकून बाया हसतात, रिना म्हणते की मामा रेडा हाकलून राह्यले वाटते. बायनाबाई मला मनापासून ओ देतात. पण माझ्या हाकेवरून मी कुठं आहे तेवढं त्यांना कळतं, आई कुठं आहे ते कळत नाही.

बुधवारी पत्ता तोडता तोडता मान वर केली तर आई नव्हती. हाक मारली. ओ आली नाही. पुन्हा मारली. कुठंतरी पाला वाजला. ताई, भुताच्या गोष्टी लिहून मी पोट भरतो, पण ओ न येणं म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं. आईला नेलं असंच वाटलं. तिसऱ्यांदा हाक म्हणून जमलीच नाही, लहानपणी दारातून ओरडायचो तसं नुसतं ‘आई’ निघालं.

पंधरा पावलांवरच्या झुडपातून ती उठली. हातात पत्त्यांची जुडी होती. म्हणाली, इथीच तर हावो. मी विचारलं की पहिली हाक ऐकू आली नव्हती का. आली होती म्हणाली. मग ओ काऊन नाई देल्ली, असं मी विचारलं. पानं एकावर एक जुळवत ती म्हणाली, तुले कसं वाटते ते पाहून राह्यली होती.

मी तिथंच खाली बसलो. ती पुन्हा वाकून पत्ता तोडायला लागली.

काल उन्हं चढायच्या सुमारास तिने एकदा हाक मारली. बारीक, दबकत मारावी तशी. रिना नाल्याजवळ होती. तिने ओ दिली आणि हातातली पानं टाकून, काट्यातून, ओ देतच धावत आली. आली तेव्हा हात ओरखडले होते आणि धाप लागली होती. कुठं काही नव्हतं. असंच मारून पाह्यली, म्हणाली आई, आणि पदराने रिनाचे हात पुसत बसली.

हंगाम संपेपर्यंत मी इथंच आहे. राग ठेव, तो तुझ्या हक्काचा आहे, पण सोबत थोडी मायाही राहू दे.

तुझा,
प्रफुल